पारवा

पहिल्या वाचनाला सगळ्यात आधी कुलर बंद करावा लागला.

नवतपा चालू होता, पारा ४५ला टेकलेला. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या शाळेचा हॉल आम्हाला संध्याकाळी सात ते दहा मिळाला होता, आणि त्यातला कुलर लावला की विमानतळावर उभं असल्यासारखं वाटायचं. सूत्रधारानं नांदी म्हटली ती चौथ्या खुर्चीपर्यंत पोचलीच नाही, नुसते ओठ हललेले दिसले. सरांनी हात वर केला. "बंद करा बे त्याले." खटका पडला, पाण्याची मोटर थांबली, पातं गरगरत गरगरत शांत झालं. मग जे ऐकू आलं ते वरच्या झरोक्यातल्या पारव्यांचं घुमणं. दहा-बारा तरी असावेत. एकानं पंख झटकले तशी थोडी माती आणि एक पीस खाली सतरंजीवर पडलं, फोडलेल्या नारळाच्या शेजारी.

"राहू द्या त्यांना," सर म्हणाले. "पुढे पंचवटी लागणारच आहे आपल्याला."

आणि आम्ही चौदा जण घाम पुसत 'उत्तररामचरित' वाचायला बसलो.

मी या संस्थेचं नेपथ्य आणि कपडेपट बघते. दिवसा शाळेत चित्रकला शिकवते. दोन डोंगरांमधला सूर्य मुलांच्या हातून अजून सुटत नाही. आमचा राम औषध कंपनीचा माणूस. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर फिरून आला की बॅग कोपऱ्यात ठेवायची आणि थेट सिंहासन. लक्ष्मण हिंगण्याला एमआयडीसीत पाळीवर. सीता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, भंडाऱ्याकडची. प्रकाशयोजना करणारे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. तालीम सातची म्हणजे पावणेआठची, आणि ती पावणेआठला सुरू झाली की सगळ्यांना वेळेवर आल्याचं समाधान मिळतं.

हेच नाटक कशाला, हा वाद हिवाळ्यात होऊन गेला होता. भवभूतीचं आठव्या शतकातलं संस्कृत नाटक. सात अंक, लढाई पडद्यामागे आणि रडणं पडद्यापुढे. नोव्हेंबरच्या स्पर्धेत परीक्षक झोपून जातील, हे लक्ष्मणाचं म्हणणं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, "भवभूती आपल्या गोंदियाचा आहे."

ही अगदीच थाप नाही. आपलं घराणं दक्षिणापथातल्या पद्मपूरचं, असं भवभूतीनं नाटकांच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितलंय. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर, असं मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. नाव तर तेच राहिलंय, जीभ वळली तेवढं मध्ये बदललं. हावड्याच्या रुळावर गोंदियाच्या पुढे आमगाव. वाटेत वैनगंगा लागते. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, साकोलीकडचं, त्यामुळे मी त्या क्षणी सरांच्या बाजूची झाले, नाटक न वाचताच.

नंतर वाचलं तेव्हा प्रस्तावनेतलं एक वाक्य मनात राहिलं. हे नाटक कालप्रियानाथाच्या यात्रेत होतंय, असं सूत्रधार सांगतो. यात्रेत! म्हणजे बाहेर दुकानं, पोरं हरवलेली, बैल बांधलेले, आणि आत सीता. माझ्या आजीला हे काही नवं नव्हतं. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, पुढे बैलांच्या शर्यतींचे शंकरपट येतात, आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या ट्रकमधून येतात, तबला-ऑर्गन रंगमंचासमोर मांडतात, दहाला पडदा उघडतो तो उजाडताना पडतो. आजी घोंगडं, शेंगा आणि दोन नातवंडं घेऊन जायची. नायिकेसाठी पदर ओला करायची आणि सकाळी धान कापायला बांधीत. नाटक कळलं का, असं तिला कुणी कधी विचारलं नाही. भवभूतीला आपण वातानुकूलित सभागृहात नेऊन, खाली श्लोकांचे अर्थ छापून, जो पांढरा शालू नेसवतो ना, तो मला तेव्हापासून खटकतो.

तर वाचन.

पहिला अंक चित्रदर्शनाचा. राज्याभिषेकाचे पाहुणे गेलेत, जनकही परत गेलाय, सीता दिवस गेलेली आणि उदास. तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण भिंतीवर काढून घेतलेली चित्रं दाखवतो: आपलीच सगळ्यांची गोष्ट, लग्नाच्या आधीपासून पुढे. मिथिलेच्या मांडवात तो एकेकीकडे बोट दाखवतो. या वहिनी, ही मांडवी, ही श्रुतकीर्ती. आणि गप्प होतो. चौथी उर्मिला, त्याची बायको. सीतेच्या ते लक्षात येतं आणि ती मुद्दाम विचारते, "आणि ही दुसरी कोण?" बाराशे वर्षं जुनी चेष्टा. आमच्या सीतेनं कागदावरचं वाक्य बाजूला ठेवलं आणि भंडाऱ्याच्या घरात विचारतात तसं विचारलं, "भाऊजी, अन् हे दुसरी कोन होय?" लक्ष्मण खरोखरच लाजला. त्याचं लग्न ठरून महिना झाला होता.

सगळे हसले, पण सरांनी पेन्सिलनं खूण केली. मूळ नाटकात राम संस्कृत बोलतो आणि सीता प्राकृत. एका घरातली, एका गादीवर बसलेली दोन माणसं, दोन भाषा. आपण भाषांतर करतो तेव्हा दोघांच्या तोंडी एकच गुळगुळीत मराठी घालतो आणि हा फरक पुसून टाकतो. त्या रात्री ठरलं की सीता तिच्या घरचं बोलेल. ठरलं म्हणजे सर म्हणाले, "हे असंच राहू दे."

दुसऱ्या अंकात वाचन अडलं.

सीतेला वनात सोडून बारा वर्षं झालीत. राम पुन्हा दंडकारण्यात येतो तो शंबुकाला मारायला. एका ब्राह्मणाचं मूल मेलंय, शूद्र तप करतोय म्हणून मेलं, असा निवाडा झालाय. सरांनी पानं दुमडून ठेवली होती. "हा प्रवेश आपण गाळतोय," ते म्हणाले. "आत्रेयी आणि वासंतीचं बोलणं झालं की थेट तिसरा अंक."

"काहून?"

हे विचारलं ते आमच्यातल्या सगळ्यात जुन्या नटानं. रेल्वेत आहे, उत्तर नागपुरात राहतो, वीस वर्षं आमच्याबरोबर. त्याला या नाटकात सुमंत्र दिला होता.

"काहून म्हणजे? नागपुरात हा प्रवेश करायचा म्हणजे काय, हे तुला सांगायला पाहिजे का? दीक्षाभूमी इथून किती लांब आहे?"

"म्हणूनच विचारून राहिलो. गाळला म्हणजे त्यानं मारलंच नाही असं होते ना, सर."

मग बराच वेळ फक्त पारवे बोलत होते. घाम पाठीवरून खाली ओघळतोय हे सगळ्यांना एकदम जाणवलं असावं, कारण तिघांनी एकाच वेळी रुमाल काढले.

त्यानं दुमडलेली पानं उलगडली आणि रामाचा श्लोक मोठ्यानं वाचला, सरांनीच केलेल्या मराठीत. राम आपल्या उजव्या हाताशी बोलतो: अरे हाता, मेलेलं ब्राह्मणाचं पोर जिवंत व्हायला हवंय, टाक ती तलवार त्या शूद्र मुनीवर. दिवस भरत आलेल्या सीतेला घराबाहेर काढण्यात पटाईत असलेल्या रामाचा तू हात. तुला कुठून आली दया?

मी हा श्लोक आधी वाचला होता, पण डोळ्यांनी. कानानं ऐकला तेव्हा अंगावर आला. स्वतःच्या हाताला असं बोलणारा देव दुसऱ्या कुठल्या नाटकात मला तरी भेटलेला नाही. आमचा राम हळूच म्हणाला, "हे वाक्य मला पाहिजे." नटाची भूक, दुसरं काही नाही.

"भवभूती मोठाच आहे," रेल्वेवाला म्हणाला. "पण त्याले हात दिसला. मान नाही दिसली." पुढची पानं त्यानं वाचून दाखवली नाहीत, सांगितली. मारल्यावर शंबुक दिव्य पुरुष होऊन समोर येतो, रामाचे उपकार मानतो आणि त्याला वन दाखवत हिंडतो. १९३६ साली छापलेल्या, लाहोरला न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी शंबुकाचं नाव घेऊन लिहिलंय की चातुर्वर्ण्य टिकवायचं तर मागे शिक्षेचा धाक लागतोच, आणि रामानं केलं ते त्यातूनच आलं. हे त्याला पाठ होतं. ते त्यानं कुठलाही आवाज न चढवता सांगितलं, लोकलचं वेळापत्रक सांगावं तसं.

सरांनी विचारलं, "मग काय करायचं?"

"मी करतो शंबुक. उपकाराचे श्लोक बोलणार नाही. वन दाखवीन."

त्याचं कारणही त्यानं सांगितलं. राम त्या जंगलात पूर्वी वर्षानुवर्षं राहून गेलेला, तरी परत आल्यावर चटकन ओळखत नाही. हेच का ते दंडकारण्य, असं विचारतो. ओळख पटवून देतो तो शंबुक.

त्या रात्री दोनच अंक झाले. साडेदहाला चौकीदार किल्ल्या वाजवायला लागला. बाहेर गरम वारा होता, बडकस चौकात अजून गर्दी, आणि आम्ही चहा न पिताच पांगलो, असं आमच्याकडे फारसं होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात माझं काम सुरू झालं. सर म्हणाले, रंग सांग. मी म्हटलं, भगवा, पांढरा, थोडं सोनेरी. ते म्हणाले, "कॅलेंडर सांगू नको, रंग सांग." राग आला, कारण खरं होतं. घरी येऊन नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय काढला. भरतमुनीनं प्रत्येक रसाला रंग दिलाय. शृंगार सावळा, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा. आणि करुण? कपोत. याच नाटकात तिसऱ्या अंकाच्या अखेरीला तमसा नदी म्हणते की रस एकच आहे, करुण, बाकीचे त्याचेच भोवरे आणि बुडबुडे. म्हणजे अख्ख्या नाटकाचा रंग ठरलेला होता आणि तो पहिल्या दिवसापासून आमच्या डोक्यावर बसून घुमत होता.

कपोत म्हणजे कबूतर की पारवा यावर लक्ष्मणानं आणि काकांनी एक अख्खा चहा घालवला. मी शिडी लावून झरोक्यापर्यंत चढले. लांबून पारवा राखाडी. हातभर अंतरावरून तो राखाडी राहतच नाही. त्यानं मान वळवली की हिरवा, परत वळवली की जांभळा, मग पुन्हा राख. तो रंग पिसात घातलेला नसतो, पिसाच्या घडणीवर उजेड कसा पडतो त्यावर उठतो. हे मी मुलांना सातवीत सांगते. शिडीवर उभी राहून प्रथमच पाहिलं.

गांधीबागेत मात्र हा रंग मागायची सोय नाही. "पारवा" म्हटल्यावर दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पक्षी विकत घ्यायला आले. "कबूतर कलर?" तिथंही तोच वाद. "मॅडम, ग्रे बोलो ना." त्यानं शाळेच्या गणवेशाचे चार तागे काढले. पाचव्या दुकानात, वरच्या फळीवर, कुणी न नेलेलं धूपछाव कापड मिळालं: उभा धागा हिरवा, आडवा जांभळा. समोरून बघा, मळकट राख. तिरकं धरा, मान वळवली. काकांना फोन केला. ते म्हणाले, "समोरचा लाइट कमी ठेवतो, विंगेतून आडवा मारतो. तिकडून उजेड आला तरच रंग उठेल." आम्ही ते सीतेसाठी घेतलं. बाकी सगळ्यांना साधं राखाडी सुती, रामालासुद्धा. दोन मीटर उरलं त्याचं शंबुकाला उपरणं केलं. ते कुणाला विचारून केलं नाही.

चित्रांचं काय करायचं, हा दुसरा घोळ. स्पर्धेच्या नाटकात आजकाल पहिला विचार प्रोजेक्टरचा येतो. भाड्यानं मिळतो, आणि परीक्षकांना खर्च दिसतो. मी रविवारभर बसून चित्रांचा एक लांब पटही रंगवला. बघायला देखणा होता. हे मी म्हणतेय म्हणून नव्हे. पण लक्ष्मणानं तो उलगडला आणि सगळे नट त्याच्यामागे झाकले गेले. मग एकच कापड, कधी नदी, कधी पांघरूण, कधी पडदा, अशी आयडिया निघाली. ती मीच मारली. एक कापड दहा उपयोग, ही हौशी रंगभूमीची जुनी खोड आहे. तिसऱ्या उपयोगाला प्रेक्षक चौथा ओळखतो.

उपाय तालमीतच सापडला, कामचलाऊ म्हणून. पट नव्हता त्या दिवशी लक्ष्मण हॉलच्या भिंतीकडेच बोट दाखवत होता. भिंत जुन्या चुन्याची, वरून पिवळा डिस्टेंपर, त्याखाली निळा, त्याखाली आणखी काही. पावसाळ्यांनी पोपडे निघालेले. शूर्पणखेपाशी आल्यावर सीता दचकली आणि दोन पावलं मागे सरकली. संहितेत हे आहेच, चित्र बघून ती भिते आणि रामाला सांगावं लागतं की अगं, हे चित्र आहे. पण ती कागदावरचं भिणं भ्याली नव्हती. तिला खरंच त्या पोपड्यात नाक कापलेली बाई दिसली होती. तिनं दाखवल्यावर आम्हाला सगळ्यांना दिसली, आणि अजून दिसते.

मी वर्तमानपत्रं चिकटवून त्या भिंतीचा छाप घेतला. बारा फूट बाय आठ. आता तीच भिंत नेपथ्याच्या फ्लॅटवर होतेय, थरावर थर देऊन आणि मग खरवडून. अयोध्येच्या राजवाड्याला महालातल्या शाळेचे पोपडे. सुतार म्हणाला, "ताई, नवीन फ्लॅट खराब करायचे पैसे घेता का तुम्ही?"

एक माप इथं सांगून टाकते, नंतर जागा मिळणार नाही. भरतमुनीनं मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितलंय. हात दीड फुटाचा धरला तर ९६ फूट बाय ४८. त्यातला अर्धा भाग रंगमंच आणि नेपथ्यगृहाचा. म्हणजे शेवटच्या ओळीतला माणूसही नटापासून अठ्ठेचाळीस फुटांच्या आसपास. याहून मोठं बांधू नका, असं तो बजावतो: शब्द विरतात आणि चेहरा दिसत नाही. आमची सभागृहं बांधणाऱ्यांनी हे वाचलं असतं तर कॉलर माइकचं भाडं वाचलं असतं.

चेहऱ्याचं हे मला तिसऱ्या अंकात पटलं.

या अंकाला छायांक म्हणतात. सीता पंचवटीत आहे, पण भागीरथीच्या वरानं ती माणसांना काय, वनदेवतांनाही दिसत नाही. फक्त तमसा तिच्याबरोबर. राम येतो, जुन्या जागा बघून मूर्च्छित पडतो, सीता त्याला हात लावून उठवते. तो तिचा स्पर्श ओळखतो. एकदा तर हातच धरतो, ती सोडवून घेते. आणि वनदेवता वासंती त्याला सुनावत असते: तूच माझा जीव, तूच माझं दुसरं हृदय, असं म्हणून म्हणून त्या भोळीला तू... आणि पुढचं वाक्य तिच्याच्यानं पुरं होत नाही. सीता हे सगळं शेजारी उभी राहून ऐकते.

प्रेक्षकांना दिसणारी पण रामाला न दिसणारी बाई. यावर आमच्या तीन बैठका झाल्या. काकांचा पहिला बेत जाळीच्या पडद्याचा: पुढून उजेड टाकला तर जाळी भिंतीसारखी बंद, मागून टाकला तर आरपार. चांगली जुनी युक्ती आहे. पण जाळीआडून हात धरता येत नाही. दुसरा बेत सीतेवर निळा स्पॉट. एकदा लावून बघितला आणि वासंतीच म्हणाली, "भूत वाटून राहिली." मग धूर. मग काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे सीतेनं साधं चालायचं आणि रामानं तिच्याकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी हे फार वाईट दिसलं. ती डावीकडे आली की तो उजवीकडे बघे, ती उजवीकडे गेली की वर. बायकोशी भांडण झालेला नवरा. सर वैतागले. टाळायचं तर ती कुठं आहे हे डोळ्याला माहीत असावं लागतं, आणि प्रेक्षकाला ते माहीत असणं लगेच कळतं.

मी तेव्हा रामाला बाजूला घेऊन बाबांचं सांगितलं. तालमीत घरचं सांगायची मला सवय नाही. बाबांना झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, पण डावी बाजू गेली. गेली म्हणजे लुळी पडली असं नाही. त्यांच्यापुरती ती उरलीच नाही. ताटातली उजवीकडची भाकरी-भाजी संपवायचे आणि डावीकडचा वरणभात तसाच. ताट फिरवून दिलं की म्हणायचे, "अरे, भात केव्हा वाढला?" दाढी अर्धीच करायचे. डोळे शाबूत होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, तरी पहिल्या आठवड्यात मी चुकून त्यांच्या डावीकडे बसले आणि अर्धा तास बोलत राहिले. ते उजवीकडच्या खिडकीकडे बघत आईला म्हणाले, "मुलगी आज आली नाही." ते मला टाळत नव्हते. टाळलं असतं तर मला भांडता आलं असतं.

राम काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जागा बदलून मागितल्या. सीता त्याच्या आणि झरोक्याच्या मधोमध उभी राहिली आणि तो थेट तिच्या तोंडाकडे बघत बोलायला लागला. फक्त डोळे तिच्यावर थांबत नव्हते, वीस फूट मागच्या पारव्यांवर जाऊन थांबत होते. संहितेत तिथं सीतेनं वाढवलेला मोर आहे. सीतेनं दोन वाक्यं बोलली, तिसऱ्याला तिचा आवाज फाटला. ती म्हणाली, "सर, एक मिनिट," आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. काका डिमरच्या कागदावर काहीतरी खोडत होते. "या प्रवेशात माझं काहीच काम नाही," ते म्हणाले. एवढे खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

आता जून संपत आलाय. पाऊस दोनदा येऊन गेला, कुलरचा प्रश्न मिटला, आता छत गळतं. चौथा अंक उभा राहिलाय, सातव्यातलं नाटकातलं नाटक अजून हवेत आहे. काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, आपलं कुणीतरी कधीतरी कुठंतरी निघेल, असं भवभूतीनं टीकाकारांना ऐकवलं होतं. त्याला सभागृहाची तारीख काढायची नव्हती.

माझं एक काम मात्र अडून बसलंय. ग्राउंड प्लॅनवर मी प्रत्येक पात्राला दोन बाण काढते, येण्याचा निळा आणि जाण्याचा लाल. दुसरा अंक संपतो तेव्हा रामाबरोबर शंबुकही आत जातो आणि पुढे नाटकात तो नाही. लाल बाण काढायला घेतला त्या दिवशी रेल्वेवाला खांद्यावरून बघत होता. "सीता दिसत नाही म्हणून तीन मीटिंगा झाल्या," तो म्हणाला. चेष्टेतच म्हणाला. मी पेन्सिल खाली ठेवली.

परवा सरांनी नकाशा मागितला. निळे बाण मोजले, लाल मोजले. एक कमी.

"मग हा बसतो कुठं?"

"भिंतीपाशी. डाव्या अंगाला."

"तिसरा अंक सगळा?"

"सगळा."

काकांनी विचारलं, तिथं उजेड द्यायचा का. सरांनी उत्तर द्यायच्या आत खालून आलूबोंडे आले आणि सगळे तिकडे वळले. खाऊन झाल्यावर हात पुसत सर म्हणाले, आज ट्यूबलाइटमध्येच बघू. रेल्वेवाल्यानं उपरणं खांद्यावर टाकलं आणि पोपड्यांना पाठ टेकून बसला. राम पंचवटीत शिरला.